खाडीतील होडीला पंखा कोणता लावावा?

भिवंडी तालुक्याच्या दक्षिणेस आणि पश्चिमेस उल्हास नदीची खाडी पसरलेली आहे. कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यासमोरील कोन गावापासून पिंपळास, अंजूर, कशेळी, काल्हेर आणि पुढे खारबाव, पायेगावपर्यंतची गावे ह्या खाडीच्या आधाराने वसली आहेत. शहराजवळून वाहणारी कामवारी नदीही शेवटी ह्याच खाडीस मिळते. १६५७ साली कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यानंतर शिवाजी महाराजांच्या आरमाराचा पाया ह्याच पाण्यावर घातला गेला. पुढे इंग्रजी अमदानीत भिवंडीचा तांदूळ, सुकी मासळी, कापड, गवत व लाकूड ह्यांचा मोठा व्यापार चाले, त्यातही खाडीच्या वाहतुकीचा वाटा असे. आज तो माल मोटारींनी जातो. तथापि मासेमारीसाठी, खाजणातील शेतावर जाण्यासाठी आणि पुराच्या दिवसांत माणसे हलविण्यासाठी खाडीकाठच्या माणसाला होडी अद्यापि लागते.

होडीच्या मागील आडव्या फळीला बाहेरून अडकवावयाचे यंत्र, ज्यास सर्वत्र आउटबोर्ड म्हणतात, ते घेण्याकडे लहान होडीवाल्यांचा स्वाभाविकच कल असतो. डोलकाठी व शीड नको, आतील यंत्राप्रमाणे होडीच्या पोटाला भोक पाडणे नको, उथळ पाण्यात यंत्र वर उचलता येते आणि रात्री काढून घरी नेता येते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या ओले एव्हिनरूड ह्या मूळच्या नॉर्वेजियन कारागिराने असे यंत्र १९०९ साली विक्रीस काढले, तेव्हापासून त्याची मूळ रचना फारशी पालटलेली नाही. माथ्यावर इंजिन, मध्ये उभा दांडा, खाली दातेरी चक्रे आणि अखेरीस पाण्यात फिरणारा पंखा, एवढाच त्याचा पसारा.

यंत्र घेताना किती अश्वशक्ती, कोणत्या कारखान्याचे, पेट्रोल किती खाते, ह्याची चौकशी सारेच करतात. पंख्याची चौकशी मात्र क्वचितच होते. खोक्यात जो पंखा येतो तोच लावला जातो, आणि होडी ओढत नाही असे दिसले म्हणजे दोष यंत्राच्या माथी मारला जातो. पुष्कळ वेळा हा दोष यंत्राचा नसून पंख्याचा असतो. कारखान्यातून येणारा पंखा बहुधा हलक्या व वेगवान होडीचा विचार करून दिलेला असतो. लाकडी, रुंद पोटाची, जाळी, बर्फ व माणसे ह्यांनी भरलेली होडी त्या कारखानदाराच्या डोळ्यांसमोर नसते.

पंख्यावरील दोन आकडे

पंख्याच्या मध्यभागी किंवा पात्याच्या मुळाशी दोन आकडे कोरलेले असतात. उदाहरणार्थ, ९¼ × १०. ह्यांतील पहिला आकडा व्यासाचा, म्हणजे पाती फिरताना जे वर्तुळ काढतात त्याच्या रुंदीचा होय. तो इंचांत असतो. दुसरा आकडा अधिक महत्त्वाचा आहे. लाकडात स्क्रू पिळला असता एका फेऱ्यात तो जितका आत जातो, तद्वत् पंखा एका फेऱ्यात, पाणी मुळीच न घसरता, जितका पुढे जाईल तितके इंच हा आकडा दाखवितो. ह्याला कारागीर पिच म्हणतात. येथे त्यास पंख्याची चाल म्हणू. चाल जास्त म्हणजे पाती अधिक उभी, आणि कमी म्हणजे पाती अधिक पडती.

नांगराच्या दृष्टान्ताने ही गोष्ट चटकन ध्यानात येईल. फाळ खोल लावला तर प्रत्येक तासात माती पुष्कळ उलटते, परंतु जमीन जड असेल तर बैल अडतात. फाळ उथळ लावला तर बैल सहज चालतात. जास्त चालीचा पंखा म्हणजे खोल लावलेला फाळ होय. हलक्या होडीला तो शोभतो. जड होडीला तोच लावला तर यंत्र दमते.

पंख्याची घडण अंदाजावर अवलंबून नसते हे प्रथम ज्याच्या अनुभवास आले तो इंग्लंडमधील एक शेतकरीच होता. फ्रान्सिस पेटिट स्मिथ ह्याने १८३६ साली पंख्याच्या साहाय्याने बोट चालविण्याचे पेटंट घेतले. त्याचा पंखा लाकडी असून मळसूत्रासारखा दोन वेढ्यांचा होता. १८३७ साली लंडनजवळच्या कालव्यात चाचणी चालू असताना त्याचा अर्धा भाग कशावर तरी आपटून तुटून पडला. बोट थांबेल असे सर्वांना वाटले. प्रत्यक्षात तिचा वेग वाढला. पंखा जेवढा मोठा तेवढी होडी जोरात, ही समजूत त्या दिवशीच खोटी ठरली होती. दुर्दैवाने धक्क्यावर ती अजूनही ऐकू येते.

हिशेब करून पाहावा

यंत्राचे फेरे आणि पंख्याचे फेरे एक नसतात. खालच्या दातेरी चक्रांमुळे पंखा सावकाश फिरतो. लहान चक्रास १३ आणि मोठ्यास २७ दात असतील तर यंत्राच्या २७ फेऱ्यांमागे पंख्याचे १३ फेरे होतात. दहा अश्वशक्तीच्या आतबाहेरील यंत्रांत हे प्रमाण पुष्कळदा आढळते. नक्की प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेत छापलेले असते.

आता यंत्र मिनिटास ५,४०० फेरे करीत आहे असे धरू. पंख्याचे फेरे २,६०० होतील. पंख्याची चाल १० इंच असेल तर एका मिनिटात तो २६,००० इंच, म्हणजे सुमारे ६६० मीटर कापील. ताशी सुमारे ४० किलोमीटर झाले. हा केवळ कागदावरचा वेग होय. पाणी लाकडासारखे घट्ट नसल्यामुळे काही भाग घसरीत जातो. हलकी होडी पाण्यावर उचलली जाऊन धावत असेल तर पाचवा हिस्सा घसर धरावी, म्हणजे ताशी ३२ किलोमीटर मिळतील. अशा होडीला १० इंची चाल बरोबर आहे.

परंतु खाडीतील भरलेली होडी पाण्यावर उचलली जात नाही. ती पाणी कापीत जाते. अशा होडीच्या वेगाला तिच्या लांबीनेच मर्यादा घातलेली असते. पाण्यालगतची लांबी फुटांत घेऊन तिचे वर्गमूळ काढावे आणि त्यास १.३४ ने गुणावे, म्हणजे ही मर्यादा सागरी मैलांत मिळते. लांबी २५ फूट असेल तर वर्गमूळ ५, आणि गुणाकार ६.७ सागरी मैल, म्हणजे ताशी सुमारे १२ किलोमीटर. ह्यापुढे कितीही शक्ती लावली तरी मागची लाट तेवढी मोठी होते, होडीचे बूड खचते आणि पेट्रोल जळते. ताशी ४० किलोमीटर जाऊ पाहणारा पंखा ताशी ९ किलोमीटर जाणाऱ्या होडीला लावला, तर बहुतेक फेरे पाणी घुसळण्यातच खर्ची पडणार हे उघड आहे.

ह्यास्तव जड व सावकाश होडीस कमी चालीचा आणि यंत्राच्या पायात मावेल तेवढा मोठ्या व्यासाचा पंखा चांगला. मोठा व्यास पुष्कळ पाणी हळू ढकलतो, लहान व्यास थोडे पाणी जोराने फेकतो. ओढीच्या कामास पहिली रीत किफायतशीर ठरते. व्यासावर मात्र बंधन आहे. पंख्याच्या वर यंत्राच्या पायाला जो आडवा पत्रा असतो, त्याच्याखाली पाती मोकळी फिरली पाहिजेत. त्यामुळे एकाच यंत्रासाठी मिळणाऱ्या पंख्यांत व्यास थोडाच बदलतो आणि निवड मुख्यतः चालीचीच राहते. काही कारखाने जड कामासाठी अधिक सावकाश फिरणारी चक्रे व मोठा पंखा असलेले यंत्र वेगळे काढतात. नवे यंत्र घ्यावयाचे असेल तर तशी चौकशी अवश्य करावी.

यंत्राचे फेरे मोजणे

हिशेब दिशा दाखवितो. निर्णय मात्र फेरे मोजूनच घ्यावा लागतो. प्रत्येक यंत्राच्या पुस्तिकेत, मूठ पूर्ण पिळली असता यंत्राने किती फेरे करावयास हवेत, ह्याची खालची व वरची मर्यादा दिलेली असते. लहान चार-स्ट्रोक यंत्रांत ती पुष्कळदा मिनिटास ५,००० ते ६,००० असते, जुन्या दोन-स्ट्रोक यंत्रांत काहीशी खाली. आपल्या नेहमीच्या ओझ्यासह, पूर्ण मूठ पिळून, यंत्र ह्या दोन मर्यादांच्या आत, शक्यतो मधल्या आकड्याच्या किंचित वर, पोहोचले तर पंखा योग्य आहे. पोहोचले नाही तर पंखा जड आहे. ओलांडून गेले तर हलका आहे. शेजाऱ्याच्या होडीला कोणता पंखा आहे ह्याला फारसे महत्त्व नाही. त्याची होडी, त्याचे ओझे आणि त्याचे यंत्र आपल्यासारखे क्वचितच असते.

लहान यंत्रांवर फेरे दाखविणारे घड्याळ सहसा नसते. परंतु स्पार्क प्लगच्या तारेभोवती एक साधी तार गुंडाळून फेरे दाखविणारे छोटे मापक बाजारात अल्प किमतीस मिळते. त्यात एक मेख आहे, ती सांगणे जरूर आहे. काही यंत्रांत प्लग प्रत्येक फेऱ्यास ठिणगी देतो, काहींत दोन फेऱ्यांस एकदा. मापक त्याप्रमाणे लावले नाही तर वाचन दुप्पट किंवा निम्मे येते. म्हणून यंत्र मंद चालत असता प्रथम वाचन पाहावे. पुस्तिकेत मंद गतीचे फेरे दिलेले असतात. त्यांच्याशी ते जुळले तर मापक बरोबर लागले आहे असे समजावे.

चाचणीपूर्वी होडीचे बूड खरवडून शेवाळ व शिंपले काढून टाकावेत, अन्यथा बुडाचा दोष पंख्याच्या नावावर जमा होईल. आडवा पत्रा होडीच्या बुडाच्या पातळीत किंवा बोटभर खाली असावा. यंत्र फार वर बसले तर पंखा वरची हवा ओढतो, फेरे एकदम वाढतात आणि होडी पुढे सरकत नाही. ह्या हवा ओढण्यामुळे पंखा हलका आहे असा भास होतो. आखूड दांड्याचे यंत्र १५ इंच उंच फळीसाठी आणि लांब दांड्याचे २० इंचांसाठी असते. उंच फळीच्या होडीला आखूड यंत्र लावून मग पंखे बदलीत बसण्यात काही अर्थ नाही.

भरती पूर्ण होऊन ओहोटी सुरू होण्यापूर्वी पाणी काही वेळ जवळजवळ स्थिर असते, ती वेळ चाचणीस उत्तम. नेहमीची माणसे, जाळी, बर्फ व डबा भरून होडी खाडीच्या मध्यावर, भरपूर पाण्यात न्यावी, मूठ पूर्ण पिळून फेरे स्थिर होऊ द्यावेत आणि वाचन लिहून घ्यावे. मोबाइल दूरध्वनीवर वेग पाहता येतो. तोही लिहावा, मात्र जाताना व येताना असा दोन्ही दिशांनी घेऊन सरासरी काढावी.

मापक नसेल तर एक ढोबळ खूण आहे. मूठ तीन चतुर्थांश पिळल्यावर जो आवाज व जो वेग असतो, तोच पूर्ण पिळल्यावरही राहिला, तर शेवटचा चतुर्थांश वाया जात आहे. पंखा बहुधा जड आहे.

आता काल्हेरच्या धक्क्यावरील एका २५ फुटी होडीचे उदाहरण घेऊ. यंत्र ९.९ अश्वशक्तीचे, मर्यादा ५,००० ते ६,०००, पंखा १० इंची चालीचा. भरलेल्या होडीत फेरे ४,९०० पर्यंतच जातात, असे धरू. चाल एक इंचाने उतरविली की फेरे साधारणतः १५० ते २०० ने चढतात, असा कारागिरांचा आडाखा आहे. ५,५०० गाठावयाचे असतील तर ६०० फेरे हवेत. इंचामागे २०० प्रमाणे चाल तीन इंच उतरवावी लागेल, म्हणजे ७ इंची पंखा. आडाखा तो आडाखाच. म्हणून दुकानदाराकडून पंखा घेताना तो न वापरता, ओरखडा न पाडता परत केल्यास बदलून मिळेल किंवा कसे, हे अगोदर विचारावे. अथवा ज्याच्याकडे तसाच पंखा आहे अशा होडीवाल्याकडून तासाभरासाठी मागून आणावा. एका धक्क्यावरील चार-पाच होडीवाल्यांनी मिळून वेगवेगळ्या चालींचे दोन पंखे चाचणीसाठी ठेवले तर सर्वांचीच सोय होईल. मात्र एका कारखान्याचा पंखा दुसऱ्याच्या दांड्यावर बसेलच असे नाही. दांड्यावरील खाचांची संख्या जुळावी लागते.

दम लागलेले यंत्र

जड पंख्याने काय बिघडते, असा प्रश्न विचारला जातो. होडी चालते तर आहे! चालते, पण ते चालणे चढावर वरच्या गिअरमध्ये रेटलेल्या मालमोटारीसारखे असते. पेट्रोल पुरेपूर आत जाते, परंतु फेरे कमी असल्याने प्रत्येक स्फोटाचा भार पिस्टन व बेअरिंगवर अधिक काळ राहतो. उष्णता वाढते, प्लगवर व पिस्टनच्या कड्यांवर काजळी साचते. यंत्र एका दिवसात मोडत नाही. ते दोन-तीन हंगामांत झिजते, आणि तेव्हा कारण कोणाच्या ध्यानात येत नाही.

ह्याच्या उलट, पंखा फार हलका झाला तर रिकाम्या होडीत यंत्र वरची मर्यादा ओलांडून किंचाळू लागते. म्हणून नव्या पंख्याची दुसरी चाचणी रिकाम्या होडीत, एकट्या माणसानिशी घ्यावी. फेरे वरच्या मर्यादेच्या आत राहिले तर ठीक. राहिले नाहीत तर चाल एक इंच वाढवावी, किंवा रिकाम्या फेरीत मूठ पूर्ण न पिळण्याची सवय ठेवावी. पहिला उपाय अधिक भरवशाचा; सवयी विसरल्या जातात.

खऱ्या नफ्या-तोट्याचा हिशेब ओहोटीत लागतो. खाडीत दर सव्वासहा तासांच्या सुमारास पाणी फिरते. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते. तेवढे पाणी आत येऊन पुन्हा बाहेर पडावयाचे असते. जड पंख्यानिशी वरील होडी पाण्यातून ताशी ९ किलोमीटर जाते आणि योग्य पंख्यानिशी १० जाते, असे धरू. अंतर एका किलोमीटरचेच, कोणी म्हणेल की एवढ्यासाठी कशाला पंखा बदलावा? पण समोरून ताशी ५ किलोमीटरचा ओढ असेल तर काठाच्या मानाने पहिली होडी ताशी ४ आणि दुसरी ५ किलोमीटर पुढे सरकेल. सहा किलोमीटर अंतराला पहिलीस ९० मिनिटे लागतील, दुसरीस ७२. योग्य पंख्याचे यंत्र जोमाने फिरत असल्याने तासाला पेट्रोल किंचित अधिक घेईल, ही गोष्ट लपवून ठेवण्याचे कारण नाही. पहिले ताशी ३.६ लिटर आणि दुसरे ३.९ लिटर घेते असे मानले, तरी पहिलीस ५.४ लिटर आणि दुसरीस सुमारे ४.७ लिटर लागतील. शिवाय अठरा मिनिटे हातची राहतात. ओहोटी सरून धक्क्यासमोर चिखल उघडा पडण्याच्या वेळी ह्या अठरा मिनिटांना फार किंमत असते, हे ज्याने होडीसह चिखलात रात्र काढली आहे त्याला सांगावे लागणार नाही.

स्थिर पाण्यात वा अनुकूल ओढीत मात्र मूठ सैल करावी. वेग मर्यादेच्या जवळ नेण्यास जो शेवटचा भाग खर्च होतो तोच सर्वांत महाग असतो. नॉर्वेचे नौकातज्ज्ञ ओयविंद गुलब्रान्सन ह्यांनी १९८६ साली मद्रास येथील बंगाल उपसागर मत्स्य कार्यक्रमासाठी लहान मासेमारी होड्यांच्या इंधनखर्चावर पुस्तिका लिहिली, तीत सावकाश चालविणे आणि होडीस योग्य असा पंखा निवडणे ह्यांवरच भर आहे.

केरळातील अनुभवही येथे ध्यानी घेण्याजोगा आहे. तेथे १९८० नंतरच्या दशकात देशी होड्यांवर रॉकेलवर चालणारी सात-आठ अश्वशक्तीची यंत्रे झपाट्याने आली. पुढे एकाने मोठे यंत्र लावले म्हणून दुसऱ्याने त्याहून मोठे लावावे, एकाच्या जागी दोन लावावीत, अशी चढाओढ लागली आणि मासळीच्या उत्पन्नाचा मोठा भाग इंधनात जाऊ लागला. होडी ओढत नाही असे दिसताच अधिक अश्वशक्तीकडे धाव घेण्यापूर्वी आहे त्या यंत्राची सारी शक्ती पाण्यात उतरते आहे की नाही, हे पाहणे पुष्कळ स्वस्त पडते.

पुरासाठी ठेवलेली होडी

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या वेळी उल्हासच्या काठची गावे व शहरेही पाण्याखाली गेली. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस उल्हासच्या पुरात अडकली आणि सुमारे हजार प्रवाशांना बाहेर काढताना बचावपथकांच्या होड्या उपयोगी पडल्या. हेच पाणी खाली उतरून भिवंडीच्या काठाने समुद्राकडे जाते. अशा वेळी गावातील वा पंचायतीजवळची यंत्राची होडी बाहेर काढावी लागते, आणि तेव्हाच ती दहा माणसे घेऊन प्रवाहाविरुद्ध चढत नाही असे आढळून येते. कारण तिची चाचणी, झालीच असेल तर, दोन माणसांनिशी उन्हाळ्यात झालेली असते.

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी ह्या होडीची चाचणी मेअखेरीपूर्वी भरल्या वजनाने घ्यावी. दहा माणसे सरासरी ६५ किलोची धरली तर वजन ६५० किलो होते, म्हणजे ५० किलोची १३ पोती. भाताची किंवा वाळूची पोती होडीत समतोल रचून, होडीवर लिहिलेल्या वजनमर्यादेच्या आत राहून, वर सांगितल्याप्रमाणे फेरे मोजावेत. माणसे बसवून चाचणी घेऊ नये. पुराच्या होडीसाठी नेहमीपेक्षा कमी चालीचा पंखाच निवडावा; रिकामी धावताना थोडा वेग गेला तरी चालेल, भरलेली असताना ओढ हवी. चार पात्यांचा पंखा येथे विचारात घेण्याजोगा आहे. तो तीन पात्यांच्या पंख्यापेक्षा पाणी घट्ट धरतो आणि वळताना कमी सुटतो. मात्र त्याने फेरे थोडे उतरतात, म्हणून तीनवरून चारवर जाताना चाल साधारण एक इंच कमी घेण्याची वहिवाट आहे.

पुरात पाण्याखाली कुंपणाच्या तारा, झाडांच्या फांद्या, दोर व कापड असते. पंखा फिरत असता त्याच्या आसपास कोणी पाण्यात असू नये. माणूस होडीत घेताना यंत्र बंदच करावे. यंत्र बंद करणाऱ्या दोरीचे टोक चालकाने मनगटाला बांधलेले असावे.

चिखल, जलपर्णी आणि मोडकी पाती

पंखा कोणत्या धातूचा असावा ह्याविषयी फार वाद घालण्याचे कारण नाही. पोलादी पंखा टिकाऊ व पातळ पात्यांचा असून वेगवान होडीस चांगला. खाडीच्या उथळ तळात मात्र तो दगडावर आपटला तर स्वतः वाकत नाही, धक्का आतील दातेरी चक्रांकडे पाठवितो. ॲल्युमिनियमचा पंखा स्वस्त आहे, तो वाकतो, आणि येथे त्याचे वाकणे हाच त्याचा गुण होय. लहान यंत्रांत दांड्यामध्ये एक मऊ पिन किंवा पंख्याच्या पोटात रबराचे नळकांडे ह्याच हेतूने बसविलेले असते. पिन तुटली म्हणून तिच्या जागी खिळा ठोकण्याचा प्रकार काही जण करतात. तो खिळा पुढच्या धडकेत तुटत नाही. तुटते ते आतले चक्र, आणि त्याला शेकडो पिनांची किंमत पडते.

वाकलेल्या किंवा किनार खाल्लेल्या पात्याने यंत्र थरथरते व पेट्रोल वाढते. लहान खाच कानसीने सारखी करावी. मात्र तिन्ही पात्यांचे वजन समान राहील अशा बेताने. मोठे पाते वाकले असेल तर ठोकून सरळ करण्यापूर्वी चांगल्या पात्यावर पुठ्ठ्याचा साचा कापून घ्यावा, म्हणजे चाल बदलणार नाही. जेथे जलपर्णी, पिशव्या व दोरे फार अडकतात तेथे मागे झुकलेल्या पात्यांचा पंखा घ्यावा. त्यावरून कचरा निसटतो. अडकलेला कचरा काढण्यापूर्वी यंत्र बंद करून, वर उचलून, प्लगची टोपी काढून ठेवावी.

महिन्यातून एकदा पंखा उतरवून दांडा पाहावा. दांड्यावर गुंडाळलेला जाळ्याचा बारीक धागा आतल्या तेलाची सील कापतो आणि खारे पाणी चक्रांत शिरते. आतले तेल दुधासारखे पांढरे निघाले तर पाणी शिरले आहे असे समजावे. दांडा पुसून, जलरोधक ग्रीस लावून, पंख्यापुढील जाड वायसर आठवणीने परत बसवावा. तो विसरला गेला तर पंखा पुढे सरकून पायाला घासतो. नटाची कॉटर पिन प्रत्येक वेळी नवी घालावी.

काढलेला जुना पंखा टाकून देऊ नये. तो एक पिन, एक नट, एक वायसर आणि पान्यासह कापडी पिशवीत बांधून होडीतच ठेवावा. त्याच्यावरील दोन आकडे, कोणत्या ओझ्याला किती फेरे मिळाले ते आणि चाचणीची तारीख मागील फळीच्या आतल्या बाजूस रंगाने लिहून ठेवावी. यंत्र दुरुस्तीस येणारा कारागीर प्रथम तेच विचारतो.